चौथऱ्यावरचा दगड

“म्हणजे तुम्ही मला अडवणार?” परचुऱ्यानं विचारलं.

“आम्ही कुणाला अडवत नाही,” गोसावीबुवा म्हणाले. “फक्त जाताना एक दगड ठेव.”

आश्लेषाचा पाऊस. चार दिवस झड लागलेली, आणि म्हसकडा नावाचा तो डोंगर कमरेपासून वर दिसतच नव्हता. त्याच्या पायथ्याला बुवांची मठी. बुवा ऐंशीच्या घरातले, गुडघे गेलेले, भिंतीला धरधरून दारापर्यंत यायचे. सोबत एकच चेला, लहानू. तोही साठीचा. तीस वर्षं बुवांजवळ राहून तो पाणी भरायला, भाकऱ्या थापायला आणि गप्प बसायला शिकला होता. बाकी ज्ञानाचं मला ठाऊक नाही.

परचुरे पुण्याचा. आठ दिवसांची रजा काढून एकटाच डोंगर तुडवत निघालेला. अडीचशे गड झालेत म्हणाला. कुणी विचारलं नसताना म्हणाला. चढणारा तो पक्काच होता, त्यात काही खोट नव्हती. खोट कानात होती.

लहानूनं त्याला कोरा चहा दिला. दोन कड्यांमधल्या घळीतून वाट जाते, घळीत पाणी उतरायला लागलं की तिथूनच माघारी फिरा, एवढं सांगितलं. परचुरे हसला. आपली मोठी बॅग त्यानं मठीतच ठेवली.

दारात एक चौथरा होता. वर जाणाऱ्यानं त्यावर दगड ठेवायचा आणि उतरल्यावर आपल्या हातानं उचलून टाकायचा. परचुऱ्याला गंमत वाटली. त्यानं पांढऱ्या रेघेचा एक चपटा दगड शोधून ठेवला, त्याचा फोटोही काढला.

“आणि उचलायचा राहिला तर, महाराज?”

बुवांनी तोंड उघडलं... पण हा बुटाची नाडी आवळून चार पावलं पुढं गेलासुद्धा.

थांबला असता तर कळलं असतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दगड तिथंच असला, तर ज्या दारातून माणूस वर गेला, त्या दारातल्यानं त्याला शोधायला जायचं. पाऊस असो, वाट मोडलेली असो. बापजाद्यांपासूनचा रिवाज आहे. प्रश्न विचारून उत्तराला न थांबणारी माणसं मला अगदी नको वाटतात, ती अशानंच.

परचुरे माथ्यावर पोचला. खोटं कशाला बोला, पोचला. वारा असा की उभं राहवेना. रांगत जाऊन त्यानं वरच्या शेंदूर फासलेल्या देवाला हात लावला. मागं वळला तर घळीत पाणी उतरलेलं. मग तो पलीकडच्या सोंडेनं कोकणात उतरला, एका लॉजवर कढत पाण्यानं आंघोळ केली आणि दुसरा सगळा दिवस तंगड्या पसरून झोपून काढला. दगडाची आठवण त्याला एकदाही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मिळेल त्या गाडीनं वळसा घालून, तो बॅग न्यायला मठीत आला. पाऊस तसाच होता.

बुवा दारातच बसले होते.

“बघा महाराज, तुमच्या डोंगरानं मला काही केलं नाही.”

बुवांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश पाहिलं... मग चौथऱ्याकडं बोट केलं. पांढऱ्या रेघेचा दगड होता तिथंच होता. त्याच्या शेजारी आणखी एक, काळा, ओबडधोबड.

“उचल तुझा.”

त्यानं उचलला. अजून हसतच होता. “आणि हा कुणाचा?”

“लहानूचा.”

परचुऱ्यानं आत डोकावलं. चूल थंड होती.

“कुठं गेलाय?”

“तुला आणायला. काल सकाळी.” आज उजाडल्यापासून बुवा त्याच्यामागं निघायला बघत होते, गुडघे उठू देत नव्हते. “एकच भाकरी नेली. म्हणाला, भेटला की अर्धी त्याला देतो...”

परचुऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. इतका वेळ मला त्याचा राग होता, इथं मात्र कीव येते. लॉजवरून एक निरोप धाडला असता, कुणाला तरी सांगितलं असतं, असं काहीबाही तो बोलत राहिला. बुवांनी ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

वर घळीतून पाण्याचा आवाज येत होता.

मग त्यानं बॅगेतली दोरी काढून खांद्यावर टाकली. लाजेनं म्हणा, की पुन्हा तीच घमेंड म्हणा. मी जातो, त्याला घेऊनच येतो, असं म्हणाला आणि निघालाही. दगड मुठीत तसाच.

“थांब.”

या वेळी तो थांबला.

बुवा भिंतीला धरून उठले. उठायला त्यांना बराच वेळ लागला. दाराआडची काठी त्यांनी हातात घेतली.

“दगड ठेवून जा,” ते म्हणाले. “आता तुझ्यामागं यायला मी एकटाच उरलोय.”