चढावर थांबणारा ट्रक

"आणि चढावर थांबावं लागलं तर?" उस्तादांनी विचारलं.

"थांबायचंच नाही," हर्षदा म्हणाली. "एकदा निघालं की सड्यावर पोचेपर्यंत पाय उचलायचा नाही."

उस्तादांनी बशी तोंडाजवळ नेली. बराच वेळ नुसते फुंकत राहिले.

"गेल्या साली बी थांबणार न्हवतीस..."

तिची मान खाली गेली नाही. उलट हनुवटी वर आली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आजचा दिवस साधा जाणार नाही.

बाबालाल शिकलगार, म्हणजे आमचे उस्ताद, यांनी चिंचणीच्या घाटात चाळीस वर्षं ट्रक चालवला. आता डाव्या पायानं लंगडतात. घाटाच्या पायथ्याशी त्यांचं पत्र्याचं आवार आहे. कुणाला जुना ट्रक विकायचा असला की तो मालक इथं आणून लावतो, घेणारा इथं येऊन बघतो, आणि सौदा त्यांचा ते करतात. उस्ताद फक्त होय म्हणतात, नाहीतर नाही. त्यांनी नाही म्हटलेली गाडी आजवर कुणी नेलेली नव्हती.

शेजारी माझं पंक्चरचं दुकान. चाकात हवा भरायची आणि लोकांची तोंडं बघत बसायचं, हा माझा धंदा.

आवाराच्या दाराशी दगडांचा एक मोठा ढीग आहे. काळे, तांबडे, फुटके, कसलेही. एकदा मी विचारलं होतं, "उस्ताद, एवढ्या दगडांचं काय बांधणार?" ते हसलेही नाहीत आणि बोललेही नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही.

हर्षदा इंगवले शिरोलीची. स्वतःचं मशीनशॉप चालवते, शिकून इंजिनिअर झालेली. तिच्या ट्रेलरवर ताडपत्रीखाली एक लाल मोटार होती. शर्यतीची. तिच्या वडिलांनी, आबांनी, स्वतःच्या हातानं बांधलेली. ती रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, म्हणून जिथं शर्यत असेल तिथं ट्रेलरवरूनच न्यावी लागते. वर्षातून चार वेळा, फार तर पाच.

गेल्या वर्षी भाड्याचा पिकअप ट्रेलर ओढत हाच घाट चढत होता, कुठं थांबू नको असं हिनंच ड्रायव्हरला बजावलेलं. वळणावर रस्त्याच्या मधोमध दगड आला. ड्रायव्हरनं तो चुकवायला स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रेलर कलंडला. मोटारीची उजवी बाजू पार चेपली. आबा तेव्हा नुकतेच गेलेले.

अकरा महिने हिनं तो पत्रा एकटीनं ठोकून सरळ केला. घरात भावानं बजावलं होतं, या खेपेला गाडी शर्यतीत उतरली नाही तर भंगारवाल्याला बोलावणार. शर्यत उद्या सकाळी, वर सड्यावर, घाटमाथ्याच्या पठारावर. आणि आज भाड्याच्या गाडीवाल्यानं ट्रेलर आमच्या आवारात सोडला, घाट माझ्यानं होणार नाही म्हणाला आणि गेला.

"भाड्याचं आता नको," ती म्हणाली. "माझा स्वतःचा ट्रक हवा. जुना असला तरी चालेल, पण ओढणारा हवा. आजच हवा."

"दगड कसला हुता गं?"

"कसला म्हणजे? कुणाची तरी गाडी बंद पडली असणार. मागं घसरू नये म्हणून चाकामागं दगड लावला, आणि गाडी चालू झाल्यावर तिथंच टाकून गेला." तिचा आवाज चढला. "तो माणूस मला एकदा भेटू दे, उस्ताद. फक्त एकदा."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"भेटंल की," ते म्हणाले.

आवारात त्या दिवशी तीन ट्रक होते.

पहिल्याला नवा रंग, नवा टप, दारावर मोर काढलेला. दुसरा कुठल्याशा कारखान्याच्या शेडमध्ये दहा वर्षं झाकून ठेवलेला, काट्यावर जेमतेम तीस हजार किलोमीटर. तिसरा दुधाचा. अठरा वर्षं रोज हाच घाट चढलेला, एक दार तारेनं बांधलेलं, रंग कुठला ते सांगणं अवघड.

हर्षदानं तिघांभोवती एक फेरी मारली आणि दुसऱ्याच्या बॉनेटवर हात ठेवला.

"हा. कमी चाललेला आहे."

"ओढणार किती वेळा?"

"वर्षातून चारदा."

"बाकीचं दिवस?"

"उभा राहील."

"हे बी दहा वरसं उभंच हुतं..." उस्ताद म्हणाले. "खाली वाकून बघ, उभं राहून काय झालंय."

ती सरळ जमिनीवर पाठ टेकून खाली सरकली. कपड्यांची पर्वा केली नाही, हे मला आवडलं. बाहेर आली तेव्हा कपाळाला ग्रीस आणि तोंडावर राग होता.

"ब्रेकच्या रबरी नळ्या चिरल्यात. सगळ्या."

कपाळ पुसायला उस्तादांनी फडकं पुढं केलं.

"मी काटा बघितला," ती म्हणाली. "नळ्या बघायला हव्या होत्या."

रागावली होती, पण स्वतःवर. लगेच मोरवाल्याकडे वळली. "मग हा. इंजिन तिघांत मोठं आहे. ब्रेकही नवे घातलेत, मालकानं कागद दाखवलाय."

"जोड ट्रेलर," उस्ताद म्हणाले.

मी हूक अडकवला, साखळी लावली आणि मागच्या हौद्यात चढून बसलो. उस्ताद तिच्या शेजारी. ट्रक घाटाला लागला. ओढत होता, त्यात शंका नाही. पहिल्या वळणावर, ऐन चढात, उस्ताद म्हणाले, "थांब."

"इथं?"

"इथंच."

थांबली. उस्ताद उतरले, लंगडत मागं गेले. खांद्यावरचा पंचा रस्त्यावर अंथरला आणि ट्रेलरच्या चाकामागं हातभर अंतरावर मांडी घालून बसले.

"आता नीघ," तिथूनच ओरडले.

आरशात तिचा चेहरा मला दिसत होता. ती निघाली नाही. हॅण्डब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलून बघितला, पुन्हा दाबला. मग इंजिन बंद करून ट्रक गिअरमध्ये टाकला आणि उतरली.

"उठा."

"का? बिरेक नवं हाय म्हणालीस."

"उस्ताद, उठा तिथून!"

"कागद बी हाय."

"कागद राहू दे! हॅण्डब्रेकला जोर नाही. भार आला की सुटतो. निघताना हा फूटभर मागं येणार."

"ठाऊक हाय मला."

"मग बसलात कशाला?"

"तुला ठाऊक हाय का ते बघायला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता हात धरून त्यांना ओढून काढणार. पण नाही. रस्त्याच्या कडेला गेली. तिथं चुना लावलेला मैलाचा दगड फुटून पडला होता, त्याचे दोन मोठे तुकडे उचलून आणले. एक या चाकामागं, एक त्या चाकामागं, पायानं ठोकून घट्ट बसवले. मी हौद्यातून उडी मारून बाजूला झालो. मला उस्तादांएवढं धाडस नाही.

ट्रक निघाला. आधी मागं आला, दगडांवर करकरला... आणि मग पुढं गेला.

उस्ताद होते तिथंच बसलेले.

वर बिरोबाच्या देवळापाशी मोकळी जागा आहे. तिथं ट्रेलर वळवून ती परत आली, उस्तादांच्या बाजूनं खाली गेली. हात बाहेर काढून ओरडली, "हा नको!" उस्ताद पायीच उतरले. पंच्याचं गाठोडं खांद्यावर होतं. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही.

तिसरा ट्रक जोडेपर्यंत दुपार झाली. या वेळी उस्तादांनी स्वतः स्टिअरिंग धरलं. त्याच वळणावर, त्याच जागी ट्रक थांबवला.

"आता मागं तू बस."

"मी?"

"तुझी गाडी हाय. दगड लाव पायजे तर."

आता ही रागानं निघून जाणार, असं मला वाटलं. तिनं वर बघितलं. चढावर अठरा वर्षांचा एक दुधाचा ट्रक होता, त्याच्या मागं आबांची मोटार, आणि तिच्या मागं ही.

"दगड नको," ती म्हणाली आणि खाली बसली. तशीच, डांबरावर. हनुवटी पुन्हा वर.

लग्न झाल्यापासून एवढी भीती मला वाटली नव्हती.

इंजिन गुरगुरलं. हॅण्डब्रेक सुटल्याचा आवाज आला. चाक मागं आलं नाही. एक बोटभरही नाही. ट्रक शांतपणे पुढं गेला आणि वळणाआड झाला.

हर्षदा उठली. कपडे झाडले. मग तिनं सगळा घाट ऐकेल अशी शीळ घातली.

आवारात परत आलो तेव्हा ती आनंदानं नुसती फुलली होती.

"हाच! दुधाचाच. मालकाला फोन लावा, उस्ताद."

"ट्रक बरोबर निवडलास," उस्ताद म्हणाले.

"मग?"

"न्हाई."

"काय नाही?"

"न्यायचा न्हाई तू."

ती क्षणभर हसली, थट्टा समजून. मग हसू गेलं.

"का? नळ्या बघायच्या राहिल्या, ते मी कबूल केलं. मोरवाला नको हे मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला नाही. चाकामागं मीही बसले. उद्या गाडी वर पोचली नाही तर आबांची गाडी भंगारात जाणार, हेही तुम्हाला माहीत आहे. माझं काय चुकलं ते सांगा!"

उस्ताद वळले. गाठोडं उचललं, दाराशी गेले, ढिगासमोर वाकले आणि पंचा सोडला.

मैलाच्या दगडाचे दोन तुकडे. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला टायरची काळी खूण.

हर्षदा बघत राहिली...

"हे मी लावलेले," ती म्हणाली.

मग ती त्या ढिगाकडे बघायला लागली. काळे, तांबडे, फुटके. प्रत्येकावर कुठं ना कुठं टायरची खूण होती. इतकी वर्षं मी शेजारी बसतो, मला ती कधी दिसली नव्हती.

"हे सगळे... घाटातले?"

उस्ताद पंचा झटकत होते.

"मी मुद्दाम नाही केलं."

"त्यानं बी मुद्दाम केलं न्हवतं."

पहिल्या वळणावर जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक बॉनेट उघडून उभा होता. त्याची खडखड तेवढी खाली ऐकू येत होती. थोड्या वेळानं तोही चालू झाला आणि निघून गेला.

ही आता रडणार, असं मला वाटलं. दुसरी कुणी असती तर उस्तादांच्या पाया पडली असती, चुकले म्हणाली असती, आणि उस्तादांनी चहा सांगितला असता. असं मी पुष्कळदा बघितलंय.

ती वाकली. पण पायाशी नाही. दोन्ही दगड उचलून तिनं छातीशी धरले.

"अकरा महिने मी त्या माणसाला शिव्या देतेय," ती म्हणाली. "आज भेटला. बरं झालं. पण मी तोच माणूस म्हणून राहणार नाही, उस्ताद. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा. हे दगड माझे आहेत, ते मी नेणार. आणि ट्रकही नेणार."

"मी न्हाई म्हणालोय."

"ऐकलं मी."

दगड तिनं दुधाच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवले. मालकाशी फोनवर स्वतःच बोलली. तारेनं बांधलेलं दार ओढून घेतलं आणि निघाली.

उस्तादांचं नाही मोडून आवारातून ट्रक बाहेर पडताना मी पहिल्यांदा बघत होतो. माझंच डोकं फिरलं.

"उस्ताद, अडवा की तिला! उद्या कोण तुमचं ऐकणार?"

उस्ताद खाली बसून दुसऱ्या ट्रकच्या चिरलेल्या नळ्या सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी दारात जाऊन उभा राहिलो. पहिलं वळण आमच्या दारातून स्वच्छ दिसतं. ट्रक चढत होता, मागं ताडपत्रीखालची मोटार. चांगला वेग होता. वळणावर आला... आणि ऐन चढात थांबला.

"थांबली, उस्ताद! बिघडलं काहीतरी."

ती उतरली. आपले दोन दगड ट्रेलरच्या चाकांमागं लावले, पायानं ठोकले. मग ट्रकच्या पुढं चालत गेली. रस्त्याच्या मधोमध काहीतरी तांबडं पडलं होतं. जांभ्याचा चिरा. मघाचा ट्रक टाकून गेलेला.

वजनदार असतो तो. तिला तो एकदम उचलवला नाही. दोनदा खाली ठेवला, तिसऱ्यांदा पोटाशी धरून हौद्यापर्यंत नेला आणि आत ढकलला.

मग ती कंबरेवर हात ठेवून तिथंच उभी राहिली. दम खात होती. मागून एक एसटी आली, हॉर्न वाजवत बाजूनं गेली. ही हलली नाही.

"अजून वळणावरच आहे, उस्ताद," मी म्हणालो. "सड्यावर कधी पोचायची ही?"

उस्तादांनी तुटकी नळी माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच घाटाकडे बघितलं.

"पोचली," ते म्हणाले.