धामणखेडे, बेचिराख

“पण माझ्या पुस्तकाला कोरी पानं कशाला, गुरुजी?”

डॉ. श्रीनिवास नेवे यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आधीच्या दोन वेळा त्यात विनंती होती, आता ती राहिली नव्हती. डॉक्टर ते जगासाठी. या खोलीत तो नुसता श्रीनिवास होता, आणि आज त्याला तेही टोचत होतं.

धिवरे गुरुजींनी पुस्तकाची प्रत पुढ्यात ओढली. सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर, जिल्ह्याच्या इतिहासाचा संग्रह सांभाळत ते चाळीस वर्षं बसले होते. जुनी दप्तरं, वंशावळी, गावोगावच्या हकिकती, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांची सही झाल्याशिवाय त्या कपाटांत चिटोरंसुद्धा जात नसे.

आणि त्या संग्रहाची एक रीत होती. आत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला बाइंडर शेवटी आठ कोरी पानं शिवायचा. पुस्तकात जे आलं नाही किंवा चुकीचं आलं, ते ज्याला ठाऊक असेल त्यानं तिथं पेन्सिलीनं लिहावं आणि खाली आपलं नाव-गाव घालावं. वकिलांनी लिहिलं होतं, गुराख्यांनीही लिहिलं होतं.

श्रीनिवासला ही रीत माहीत होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांमागची पानं त्यानं चवीचवीनं वाचली होती.

पण हे त्याचं पुस्तक होतं. बारा वर्षं कागद वाचून वाचून डोळे अधू झाले, तेव्हा कुठं ही नऊशे पानं झाली. संध्याकाळी पाचला खालच्या सभागृहात प्रकाशन होतं, आणि पहिली प्रत समारंभानं या कपाटात जायची होती. विद्यापीठातली मंडळी येणार होती. त्यांच्यादेखत पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं निघणार होती.

“एक ओळ दाखवा,” तो म्हणाला. “जिला पुरावा नाही अशी एक. मी आठ नाही, ऐंशी पानं शिवून देतो.”

प्रत दोन दिवस गुरुजींकडेच होती. त्यांनी पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं नाही.

“ही वाच. मोठ्यानं.”

श्रीनिवासनं वाचलं. “‘दुष्काळानंतर धामणखेडे हे गाव बेचिराख झाले. पुढील नऊ वर्षे तेथे मनुष्यवस्ती नव्हती.’”

खाली तळटीप होती, दप्तराचा क्रमांक होता. कचेरीतला कारकून दर साली जातीनं गावात जाऊन घरं मोजायचा आणि मोडीत शेरा मारायचा: बेचिराख. म्हणजे जिथं दिवासुद्धा लागत नाही असं गाव. नऊ सालांचे नऊ शेरे होते. याहून पक्का पुरावा तो काय असणार?

“हे कागद वाचायला तुम्हीच शिकवलंत मला,” तो म्हणाला. आवाज जरा चढलाच.

“वाचायला शिकवलं...”

गुरुजी एवढंच म्हणाले.

“कारकून कुठवर गेला होता?”

“गावात.”

“कुठवर...?”

श्रीनिवासला ते कागद तोंडपाठ होते. वेशीतून आत, पाटलाच्या ओट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत एक्केचाळीस घरं, सगळी ओस. तो भराभर सांगू लागला आणि मध्येच अडखळला. वेशीच्या बाहेर काय होतं, हे कागदात कुठंच नव्हतं. का नव्हतं, हे विचारावं असं त्याला बारा वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

“बाहेर कोणी असेलही,” तो सावरून म्हणाला. “पण नुसतं असेल म्हणून इतिहास होत नाही.”

गुरुजींनी आपला उजवा हात त्या ओळीवर ठेवला. पंजा पसरला तशी ओळ पुरती झाकली गेली.

“माझा आजा त्या नऊ वर्षांतला,” ते म्हणाले. “चौथ्या वर्षी जन्मला. धामणखेड्यात, वेशीबाहेर. गाव उठून गेलं. आमच्या माणसांना कोण कुठं ठेवून घेणार होतं? ती राहिली... गावच्या विहिरीवर तेवढी नऊ वर्षं त्यांना कोणी अडवलं नाही, असं आजा सांगायचा.”

“कागद आहे का?”

सवयीनं तोंडून निघून गेलं. निघाल्यावर श्रीनिवासला जीभ चावावीशी वाटली.

“नाही,” गुरुजी म्हणाले. “मी आहे.”

...

खाली सभागृहात खुर्च्या मांडत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

याच टेबलाशी, याच माणसासमोर श्रीनिवास अक्षर अक्षर लावायला शिकला होता. जिल्ह्यातल्या साडेचारशे गावांची नावं त्याला घडाघडा म्हणता येत होती. गुरुजींचं गाव कोणतं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. ती लपवावी असंही आता वाटेना.

त्यानं खिशातलं पेन काढलं.

“हात काढा, गुरुजी,” तो म्हणाला. “ही ओळ मी खोडतो. खाली हजार प्रती आहेत. पाच वाजायच्या आत बसून एकेक प्रतीतली खोडतो.”

गुरुजींनी हात काढला नाही.

“खोडू नकोस, श्रीनिवास. मागं पानं शिवू दे, तिथं मी लिहीन... आधीच पुष्कळ खोडून झालंय.”