पिसांच्या किड्यांची डबी

फार जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी, थंडगार पाण्याच्या एका नदीकाठी धाकोजी नावाचा गळकरी, म्हणजे गळानं मासे धरणारा, राहायचा. त्याची बायको यमुना आणि एकुलती लेक गोजरी. तीन माणसांचं घर, अंगणात कोंबडे, आणि घरापुढे नदीचा खोल डोह.

त्या डोहात खडस मासे होते. हातभर लांब, अंगावर ढब्बू पैशाएवढी सोनेरी खवलं. हा मासा जाळ्यानं धरायचा नाही, असा गावाचा नेम होता. सात गळकऱ्यांची मंडळी होती आणि धाकोजी तिचा म्होरक्या. लवचीक बांबूची काठी, घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी, टोकाला गळ, आणि गळाला पिसांचा खोटा किडा बांधलेला. काठी मागे झुलवून तो किडा पाण्यावर असा अलगद टेकवायचा, की माशाला वाटावं झाडावरून खराच पडला.

पावसाळ्यात मासा अंडी घालतो, म्हणून तेव्हा काठ्या आढ्याला टांगलेल्या असायच्या. पाऊस सरला की साती जण नदीत उतरायचे, गाळ काढायचे, तळाची खडी पायांनी मोकळी करायचे. मगच पहिला गळ. दिवसाला माणशी दोनच मासे. पोटात अंडी असलेली मासळी आली, तर ओल्या हातानं परत सोडायची.

डोह राजानं दिलेला होता, पण एका बोलीवर. दर कार्तिकात राजाचा कोतवाल यायचा. त्याला एक जिवंत खडस दाखवायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. "डोहात खडस आहे, तोवर डोह तुमचा," असं राजानं सांगून ठेवलं होतं.

सगळ्या मंडळीचे किडे बांधायची ती यमुना. कोंबड्याचं पीस, रेशमाचा दोरा आणि तिची बारीक बोटं. काठावरच्या उंबराखाली बसून वर बघायची, पाण्यात काय पडतं ते बघायची, आणि तसाच किडा बांधायची. उंबराचा काळा भुंगा, करंजाची हिरवी अळी, वाळुंजाची पंखवाली मुंगी. तिचा किडा बघून कोंबडासुद्धा चोच मारायला धावायचा, आता बोला!

काठावर झाडी दाट होती. काठी मागे झुलवली की गळ फांदीत अडकायचा. ज्याचा गळ अडकला, त्यानंच झाडावर चढून सोडवायचा, असा मंडळीचा रिवाज. खाली बाकीचे हसायला मोकळे.

धाकोजीचं वय झालं. गुडघे धरले. एके दिवशी सकाळपासून त्याचा गळ पाच वेळा अडकला. पाचव्यांदा तो कण्हत उंबरावर चढला, तेव्हा हैबती नावाचा गडी खालून ओरडला, "काय म्होरके, आज उंबरच धरलाय जणू! ओढा, ओढा, मोठा दिसतोय!"

सगळे खो खो हसले. धाकोजीही हसला, पण घरी येऊन जेवला नाही.

पुढच्या साली पाऊस सरला, नदी साफ करायचा दिवस आला. धाकोजी कुऱ्हाड घेऊन निघाला. म्हणाला, "यंदा नुसता गाळ नाही, काठही साफ करायचा. ही सगळी अडगळ तोडून टाकू."

यमुना आडवी आली. "अहो, असं करू नका. मी किडे बांधते ते झाडांचे बघून. झाडंच गेली, तर मासा खाईल काय? माझी पिसं?"

"तू पिसं बांध. नदीचं मला शिकवू नकोस," धाकोजी म्हणाला.

म्होरक्याच म्हणतो म्हटल्यावर कोण बोलणार? आणि खरं सांगायचं तर झाडावर चढायचा कंटाळा साऱ्यांनाच होता. तीन दिवसांत काठ उघडा झाला. उंबर गेला, करंज गेला, वाळुंजाच्या रांगा गेल्या.

त्या साली काय मजा! काठी हवी तशी झुलवा, गळ हवा तिथे टाका. ऊन वर यायच्या आत दोन मासे हातात. हैबती म्हणाला, "म्होरके, हे तर आधीच करायला हवं होतं!" धाकोजीनं मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या उन्हाळ्यात डोहाचं पाणी तापलं. सावलीच नव्हती. मुळं धरून ठेवायला नाहीत, म्हणून पावसात काठ ढासळला आणि खडी चिखलाखाली गेली. साती जणांनी कितीही उपसलं, तरी चिखल संपेना. अंडी घालायला जागाच उरली नाही.

तिसऱ्या कार्तिकात कोतवाल आला. साती जणांनी दिवसभर गळ टाकले. तिन्हीसांजेला धाकोजी रिकाम्या हातानं त्याच्यापुढे उभा राहिला.

"मासा नाही?" कोतवालानं विचारलं.

"नाही."

"मग डोहही नाही," असं म्हणून कोतवाल निघून गेला. मंडळी मोडली. कुणी खाणीवर दगड फोडायला गेलं, कुणी दुसऱ्या मुलखात.

त्याच हिवाळ्यात यमुनेनं अंथरूण धरलं. जाण्याआधी तिनं उशाची लाकडी डबी त्याच्या हातात दिली. आत तिनं बांधलेले किडे होते, ओळीनं लावलेले.

"काठावर जी झाडं जशी होती, तशीच ओळ लावलीय," ती म्हणाली. "भुंगा आहे तिथे उंबर. अळी आहे तिथे करंज. विसरू नका."

धाकोजीला तेव्हा रडू आलं. त्याचा काय उपयोग?

पाऊस पडताच बापलेक डबी उघडून काठावर बसले. एक किडा बघायचा, एक रोप लावायचं. गोजरी खड्डा खणायची, धाकोजी घागरीनं पाणी घालायचा. गुडघे दुखायचे, तरी एक दिवस चुकला नाही. मजुरी करून पोट भरायचं आणि झाडं जगवायची, असे बारा पावसाळे गेले. उंबर डोहावर वाकला. मुळांनी काठ धरला, पुरानं चिखल वाहून नेला, खडी पुन्हा उघडी पडली.

एका सकाळी उंबरावरून एक काळा भुंगा टपकन पाण्यात पडला. पाणी फुटलं, सोनेरी पाठ दिसली, भुंगा गेला. नदीच्या वरच्या घळीत तगून राहिलेला खडस खाली उतरला होता.

कार्तिकात त्यांनी कोतवालाला बोलावून काठावरूनच डोहातला जिवंत खडस दाखवला, आणि त्यानं डोह पुन्हा त्यांच्या हवाली केला. पांगलेली माणसं परत आली आणि त्यांनी गोजरीला म्होरकी केलं. पहिला गळ धाकोजीला टाकायला दिला. त्यानं काठी मागे झुलवली, आणि गळ उंबरात अडकला.

कुणी हसलं नाही. धाकोजीच हसला आणि डोळे पुसत वर बघून म्हणाला, "अगं यमुने, अडकला गं! बघायला तू हवी होतीस."

तो गळ त्यानं तिथेच राहू दिला. त्या घराला पुन्हा कधी उपास पडला नाही. गोजरीच्या लेकी त्याच उंबराखाली किडे बांधायला शिकल्या, आणि ती डबी त्यांच्याकडे राहिली.

तात्पर्य: जे आपल्या हाताला आडवं येतं, त्यावर कोण जगतं ते आधी विचारावं; तोडायला तीन दिवस लागतात, आणि ते पुन्हा उभं राहीपर्यंत आपलं माणूस थांबत नाही.