लाल गाडी आणि चुंबक

हत्यारं माणसांसारखी बोलत, तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या एका गॅरेजात एक दांडगी अमेरिकन गाडी गंजत पडली होती. आता आपलं काही खरं नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिच्या दारावर कायम चिकटलेला म्हातारा चुंबक हाच काय तो सोबती.

शेवटी दिलावर मिस्त्रींनी तिला नवी करायला घेतली. हातोडा म्हणाला, "बाई, गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागेल. दुखेल, पण टिकशील."

गाडीच्या अंगावर काटा आला.

"कशाला ती कापाकापी?" डब्यातली लगद्यासारखी पुट्टी लाडात म्हणाली. "मी भोकं बुजवते. वरून रंग मारला की कुणाला कळतंय?"

गाडीला तेच पटलं. पुट्टीचे थरावर थर चढले, वर लाल रंग बसला. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. गाडी हरखून गेली.

कामासाठी काढून ठेवलेला चुंबक मिस्त्रींनी सवयीने परत दारावर लावला. तो खाली पडला. दुसरीकडे लावला, तिथूनही घसरला.

"रागावलास होय रे?" गाडीने घाबरून विचारलं.

"नाही गं," चुंबक फरशीवरून म्हणाला. "मघापासून तुलाच शोधतोय. तू कुठे लागतच नाहीस."