डॉर्कसचा पालथा हंडा

अमेरिकेत जॉर्जियातल्या मॅरोज क्रीक नावाच्या लहानशा गावात कृष्णवर्णीयांचं एक जुनं लाकडी चर्च आहे. त्याच्या दारापाशी तीन पायांचा एक बिडाचा हंडा कायम पालथा असतो, पाय वर करून. गाव पाहायला येणाऱ्यांना आधी जुनी शाळा दाखवतात, मग न्हाव्याचं दुकान, आणि शेवटी हा हंडा. आम्ही गेलो तेव्हा माझ्या कुमुदमावशीला राहवलं नाही. इतकं चांगलं भांडं मातीत पडलेलं पाहून ती ते सरळ करायला वाकली. गाव दाखवणाऱ्या मिस ओपल ऐंशीच्या पुढच्या, पण त्यांनी चटकन तिचं मनगट धरलं.

"नको बाई. तो सरळ करायचा हक्क एकीचाच होता," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसून सांगू लागल्या.

गुलामगिरीच्या काळात इथे कापसाचा मळा होता. गुलामांनी जमून प्रार्थना करायची नाही, असा मालकाचा हुकूम. तरी रविवारी पहाटे माणसं ओढ्याकाठच्या पाइनच्या झाडीत जमत. डॉर्कस ही मळ्यावरची धोबीण. कपडे उकळायचा आपला हंडा ती झाडीच्या तोंडाशी पालथा घाली. पालथा हंडा आवाज पोटात घेतो, बाहेर जाऊ देत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि खरोखरच, वर्षानुवर्षं मालकाच्या कानावर गाण्याची एक ओळ गेली नाही म्हणे.

एका वसंतात झाडीतून परतणारे दोघे पकडले गेले. त्यांना फटके बसले. त्याच आठवड्यात डॉर्कसच्या खांद्यावर निळी नवी शाल दिसली. झालं! शाल मालकिणीची, म्हणजे चुगली हिचीच. प्रार्थना सांगणारा आमोस मोठा भक्तिवान माणूस, पण त्यानंही शहानिशा केली नाही. सगळ्यांदेखत तो तिला म्हणाला, "तू जा. हंडा राहू दे."

डॉर्कस हंडा तिथंच ठेवून निघून गेली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरजही सरली नव्हती. माणूस नको आणि तिचा हंडा मात्र हवा! हे सांगताना मिस ओपल आमच्याकडे न बघता मातीकडे बघत होत्या.

पुढच्या रविवारी डॉर्कस एकटीच ओढ्यावर होती. मालकाची माणसं घोडे आणि कुत्री घेऊन झाडीकडे येताना तिनं पाहिली. तिनं गळा मोकळा सोडला, असं सांगतात, आणि गात गात ती झाडीच्या उलट्या दिशेनं पळत सुटली. कुत्री तिच्या मागे गेली. झाडीतली माणसं गुपचूप घरी पोचली, आणि तेव्हाही काहींना वाटलं, बया मालकाच्या माणसांना हाका मारून बोलावतेय.

"आणखी कोण कोण असतं?" असं मुकादमानं तिला चाबकाखाली विचारलं. "मी एकटीच गाते," एवढंच ती म्हणाली. मालकानं तिला लुइझियानातल्या उसाच्या मळ्यावर विकलं. गाडी वस्तीतून गेली तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या.

खरं काय ते नंतर कळलं. झाडीकडे जाता-येता गवतात वाट पडली होती, ती मुकादमाला दिसली होती. चुगली कोणी केलीच नव्हती. शालीचं म्हणाल तर मालकिणीचं आजारी मूल डॉर्कसनं रात्री जागून जगवलं होतं. तिला विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण कोणी विचारलंच नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर आमोस पायी तिला शोधत गेला. ती सापडली तेव्हा म्हातारी झाली होती, दुसऱ्यांचे कपडे धूत होती. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिनं विचारलं, "माझा हंडा कुठंय?"

"तिथंच. पालथा."

"असू दे तसाच. मी आले तर मीच सरळ करीन."

ती आली नाही. चर्च बांधलं तेव्हा आमोसनं हंडा दारापाशी आणून ठेवला, पण स्वतः आत कधी पाऊल टाकलं नाही. मरेपर्यंत, ऊन असो की पाऊस, तो बाहेर हंड्याशेजारी बसून प्रार्थना ऐकत राहिला, असं म्हणतात.

आजही त्या चर्चमध्ये नवा पाद्री आला की पहिल्या रविवारी त्याला आत घेत नाहीत. चांगल्या कपड्यांनिशी तो हंड्याशेजारी मातीत बसतो आणि आतली माणसं त्याच्यावाचून गातात. गाणं संपलं की गावातली सगळ्यांत वयस्कर बाई बाहेर येऊन त्याला विचारते, "तुला काही सांगायचंय का, बाबा?" तो बोलेल ते पुरतं ऐकून घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

मावशीचे डोळे भरून आले होते. मी मिस ओपलना तिचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. "पण शेवटी तिनं तुम्हाला माफ केलं असेलच ना?"

"ती तसं म्हणाली नाही," मिस ओपल म्हणाल्या. "आता तिच्या वतीनं तेही आम्हीच ठरवायचं का?"