सावळाईने मागितलं नाही

ही समोर दिसते ती सावळाई देवीची राई. इथली झाडं किती जुनी, कुणालाच ठाऊक नाही. खाली पडलेली काटकीसुद्धा इथून एरवी कुणी उचलत नाही. उचलल्याचं उघड झालं, तर त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत परत आणायची; नाहीतर गावाची शीव कायमची सोडायची, असा जुना दंडक.

फार पूर्वी वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, धाकलू नावाचा गुराखी बायको भागीसोबत राहायचा, असं सांगतात. एका श्रावणात अकरा दिवस धुकं उठलं नाही. ओढा फुगला, गावाची वाट तुटली आणि त्यातच भागी बाळंत झाली. घरातलं सरपण भिजून चिखल झालेलं. पोर निळी पडत चालली. धाकलू राईत शिरला. एका ढोलीत कोरडी फांदी होती. हात जोडून त्याने ती उचलली. शेक मिळाला तशी पोर रडली.

ओढा उतरल्यावर राईच्या राखणदाराने त्याला न्यायाला बसणाऱ्या केसोबांपुढे उभं केलं.

"घेतलीस फांदी?"

"घेतली, आबा. पोर गार पडत होती."

"मग मावळतीच्या आत परत आण."

फांदी तर जळून गेली होती. ओली बाळंतीण घेऊन कुठल्या मुलखात जायचं? त्याने चुलीतली राख फडक्यात बांधली आणि भागीला, पोरीला घेऊन राईपाशी आला. सारा गाव जमला होता.

केसोबांनी राख झाडाच्या बुंध्याशी ठेवली. मग पोरीच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "लाकडाची राख झाली, ऊब हिच्यात गेली. ती परत घ्यायची तर मी कोण? सावळाईची वस्तू सावळाईने मागावी. आपण वाट बघू."

सगळे बसले. धुकं पायांवरून हलकेच वाहत होतं. पान हलत नव्हतं. धाकलूला वाटलं, झाडंच श्वास रोखून पोरीकडे बघतायत. सूर्य टेकला, आणि वारा नसताना एक वाळकी फांदी अलगद त्याच्या पायाशी येऊन पडली, म्हणे.

केसोबा उठले. "देवीने मागितलं नाही, उलट आणखी दिलं. उचल, बाबा. पोरीला रात्री लागेल."

आजही या पंचक्रोशीत कुणाकडे बाळंतपण झालं, की पहिल्या शेकाचं लाकूड याच राईतून नेतात. नेणाऱ्याला कुणी अडवत नाही. राखणदार तेवढ्यापुरती पाठ फिरवून उभा राहतो.