चाळीस घरांची पाहुणी

फार वर्षांपूर्वी, राजेलोक नुसत्या प्रश्नासाठीही थैली सोडत असत त्या काळात, एका नगरात एक चौकस बाई राहायची. दोन मुंग्या उलट्या दिशेला निघाल्या तरी ही थबकणार आणि म्हणणार, "का बरं?" घरचे वैतागायचे, शेजारी हसायचे. राजाला मात्र तिचं हे खूळ आवडायचं.

एकदा राजाच्या कानावर आलं, की डोंगरापलीकडच्या चाळीस घरांच्या गावात रोज टोपलीभर अन्न उकिरड्यावर जातं. प्रधान म्हणाला, "घरटी दंड बसवा, महाराज. आठ दिवसांत सुतासारखे सरळ होतील."

"पण का टाकतात, ते तर कळू दे!" चौकस बाई म्हणाली. "मला पौर्णिमेपर्यंत मुदत द्या, आणि शोधाच्या खर्चाला काही द्या."

राजानं थैली दिली आणि बजावलं, "पौर्णिमेला कारण सांगता आलं नाही, तर दंड बसेल."

गावात दवंडी पिटली गेली. दरबारची बाई येतेय, रोज एका घरी जेवेल, अन्न कुठं वाया जातं ते पाहील. बाई आली. पहिल्याच घरी सांज्याच्या पोळ्या, वर तुपाची धार, आणि "एवढी एक आमच्या नावाची" असा आग्रह. बाई पोट धरून उठली.

सकाळी ती काठी घेऊन उकिरड्यावर गेली. टोपलीभर कसलं, तीन टोपल्या अन्न पडलं होतं, त्यात ढीगभर सांज्याच्या पोळ्या! चार दिवसांनी पाच टोपल्या झाल्या. गावची कुत्रीसुद्धा हुंगून पुढं जात होती. बाईला तर राहवेना. मी जेवते एका घरी, मग उकिरड्यावर सांज्याच्या पोळ्या चाळीस घरांच्या कशा?

गावाच्या टोकाला एक आजी एकटी राहायची. बाईनं तिला उकिरड्यावर पोळी टाकताना गाठलं. "आजी, तुमच्याकडे मी अजून आलेच नाही. मग ही पोळी कुणासाठी केलीत?"

"तू कुणाच्या दारात उभी राहशील, कुणाला ठाऊक?" आजी म्हणाली. "पाहुणा आला आणि भांडं रिकामं असलं, तर तोंड कुठं लपवू? रस्त्यावरचं गाव आमचं. तू यायच्या आधीपण रोज एका माणसाचं जास्तीचं रांधतच होतो की सगळे."

"आणि रोज वाटसरू येतात तरी किती?"

आजी विचारात पडली. "एखादाच."

बाईला आधी हसू फुटलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपलीच्या पाच टोपल्या तिच्याच पायगुणानं झाल्या होत्या.

पौर्णिमेच्या सकाळी गावचा पाटील आला. "बाई, उकिरड्यावर माती लोटून टाकतो. तुमचं नाव राहील, आमचा दंड टळेल."

बाईला मोह झाला. पण मग कळलेलं सगळं मातीतच जाणार होतं. ती म्हणाली, "नको पाटील. मी खरं तेच सांगते."

"महाराज," ती दरबारात म्हणाली, "तुमच्या थैलीनं उकिरडा पाचपट वाढला, आणि त्याचं कारण मी." प्रधान गालातल्या गालात हसला. बाईनं सगळं सांगितलं. "एका पाहुण्यासाठी चाळीस चुली रांधतात. दंड लावलात तर अन्न लपवतील, रांधणं सोडणार नाहीत. उपाय मला ठाऊक नाही. पण थैलीतल्या उरलेल्या पैशांत गावच्या बायकांना पारावर एकत्र बसवू द्या. त्यांना सुचेल."

राजाला तिचा खरेपणा आवडला. "पुढच्या पौर्णिमेला मी स्वतः येईन," तो म्हणाला.

बायका तीन दुपारी भांडल्या, रुसल्या, हसल्या. चौथ्या दुपारी ठरलं. पाहुण्याची पाळी लावायची. ज्या घराची पाळी, त्या दाराला झेंडूचं तोरण. बाकीच्यांनी घरच्यापुरतंच रांधायचं.

पौर्णिमेला राजा प्रधानासह आला आणि थेट पाटलाच्या मोठ्या घरासमोर थांबला. पाटलीणबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तिनं हात जोडले. "महाराज, माफी असावी. आज पाहुण्याची पाळी आमची नाही. त्या टोकाच्या दाराला तोरण आहे बघा, तिथं ताट तयार आहे."

"राजाला दारातून परत पाठवतेस?" प्रधान ओरडला. राजानं त्याला हातानं थांबवलं आणि तो तोरणाच्या दिशेनं निघाला.

तोरण आजीच्या दाराला होतं. आजीनं भाकरी, आमटी आणि लसणाची चटणी वाढली. राजानं ताट चाटूनपुसून साफ केलं. मग त्यानं भांड्यात डोकावून पाहिलं, तर तेही रिकामं. पाहुणा एकच धरला होता, त्यामुळं प्रधान भुकेला तसाच उभा होता.

आजीनं त्याच्याकडे पाहिलं, स्वतःसाठी ठेवलेली भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. प्रधानानं ती तिथंच उभ्याउभ्या खाल्ली, हातावरचे कणसुद्धा वेचून खाल्ले. दंडाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

तात्पर्य एवढंच: धाकानं अन्न लपतं, वाचत नाही. ते का वाया जातं हे रांधणाऱ्यांनाच विचारावं, आणि उपायही त्यांच्याच हाती सोपवावा.